पावसाळ्यात घरच्या साबणाला घाम का सुटतो? मऊ, चिकट, सादळलेल्या वड्यांचं समस्या निवारण

आधी लक्षणं बघा. आपल्या वडीला नेमकं काय झालंय हे ठरवल्याशिवाय उपाय सुरू करू नका.

– वडीवर पाण्यासारखे स्वच्छ, बारीक थेंब. टिपून घेतले तरी तासा-दोन तासांत परत येतात.
– थेंब दिसत नाहीत, पण वडी हाताला चिकटते आणि गुंडाळलेला कागद सोलताना फाटतो.
– साबण करून महिना झाला तरी अंगठ्यानं दाबलं की खळगा पडतो.
– वडीवर पिवळसर, तेलकट ओल. खालच्या कागदावर डाग पडतो आणि तो वाळत नाही.
– नारिंगी किंवा तपकिरी ठिपके, जुन्या तेलाचा खवट वास.
– डब्यात असेपर्यंत टणक, पण वापरायला काढल्यावर दोन दिवसांत खालून लिबलिबीत.

पांढरी भुरी या यादीत घेतलेली नाही. ओल्या साबणातला कॉस्टिक सोडा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून तो पांढरा थर बनतो. तो दिसायला वाईट आहे, पण त्यानं वडी मऊ पडत नाही. ओल्या फडक्यानं पुसा किंवा वाफ दाखवा आणि सोडून द्या.

बाकीच्या लक्षणांच्या मुळाशी बहुतेक वेळा ग्लिसरिन असतं. तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग होताना साबणासोबत ग्लिसरिनही तयार होतं. दर १२० ग्रॅम सोड्यामागे सुमारे ९२ ग्रॅम, हे रसायनशास्त्राचं ठरलेलं प्रमाण आहे. एक किलो तेलाच्या घाण्यात १४५ ग्रॅम सोडा लागला, तर १११ ग्रॅम ग्लिसरिन झालं. म्हणजे शंभर ग्रॅमच्या मुरलेल्या (काही आठवडे उघड्यावर वाळू दिलेल्या) वडीत आठ-नऊ ग्रॅम. मोठ्या कारखान्यांत त्यातलं बरंचसं काढून वेगळं विकतात. घरी ते साबणातच राहतं आणि घरच्या साबणानं त्वचा कोरडी पडत नाही याचं मोठं कारण तेच आहे. पण ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढतं. मे महिन्यात अलिबागला ठणठणीत असलेली वडी जुलैत घाम गाळते, ती यामुळे. तीच वडी उन्हाळ्यात नागपूरला महिनाभर उघडी पडली तरी काही होत नाही.

म्हणून पाकृतीला हात लावण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: ही ओल बाहेरून आत आलेली आहे की आतली बाहेर पडत नाहीये? दोन्हींचे उपाय उलट दिशेचे आहेत.

पहिली तपासणी: वजनकाटा

यात खर्च काही नाही. साबण करणाऱ्याकडे काटा असतोच, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा पुरे, पाव ग्रॅमचा असेल तर उत्तम. एका घाण्यातल्या तीन वड्या निवडा: एक कडेची, एक मधली, एक कुठलीही. टोकदार काडीनं त्यांवर १, २, ३ कोरा. पाच दिवस रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवा. थेंब असतील तर पुसू नका, त्यांच्यासकट वजन करा.

वजन वाढत असेल तर ओल हवेतून येते आहे, जागा आणि साठवण सुधारा. वजन हळूहळू उतरतंय पण वडी मऊच आहे, तर साबणात पाणी जास्त पडलंय किंवा तेलांची निवड चुकली आहे. वजन जागच्या जागी थांबलंय, वडी मऊ आहे आणि हवा दमट आहे, तर साबण आणि हवा यांची बरोबरी झाली आहे. तिथून पुढे हवा कोरडी झाल्याशिवाय एक थेंबही बाहेर जाणार नाही. कोरड्या ऋतूत नवी वडी पहिल्या चार-सहा आठवड्यांत साधारण दहा टक्के किंवा थोडं जास्त वजन टाकते. पावसाळ्यात तेवढं उतरलं नाही म्हणून साबण फसला असं समजू नका.

पाच दिवस थांबणं जिवावर येतं, हे खरं. पण मऊ वडी दिसली की लोक थेट पाकृती बदलतात, आणि नवा घाणाही त्याच खोलीत त्याच कपाटावर ठेवतात.

दुसरी तपासणी: थेंब कशाचा आहे?

काचेच्या वाटीत साधं पाणी घ्या. टूथपिकच्या टोकानं वडीवरचा एक थेंब उचलून पाण्याच्या पृष्ठभागाला अलगद टेकवा आणि उजेडासमोर तिरकं धरून बघा. ग्लिसरिनचं दव असेल तर क्षणभर पाण्यात पाकासारखी वळणारी रेघ दिसते आणि विरून जाते. तेल असेल तर वर तरंगणारी, रंग खेळवणारी चकती पसरते.

दव असेल तर साबण चांगला आहे, पुढच्या तीन तपासण्यांत काम होईल. तेल असेल तर त्या ओलांडून सरळ सोड्याच्या तपासणीकडे जा.

तिसरी शक्यता धोक्याची: वडीच्या आतून, विशेषतः कापल्यावर, पांढुरक्या खड्ड्यांतून पाणी झिरपतं. हा न मिसळलेला सोडा असू शकतो. हातमोजे घाला. साबण किमान तीन दिवसांचा झाल्यावर, ओलं केलेलं बोट वडीवर जरासं घासून जिभेच्या टोकाला निमिषभर लावायचं आणि लगेच चूळ भरायची. नुसती साबणाची चव आली तर ठीक. विजेचा बारीक झटका बसल्यासारखं चुरचुरलं तर सोडा शिल्लक आहे. खड्ड्यातल्या पाण्याला मात्र जीभ कधीही लावू नका. पीएच पट्टीवर इथे विसंबू नका, घट्ट साबणावर ती नीट वाचता येत नाही.

तिसरी तपासणी: जागा आणि वारा

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र दोन-चारशे रुपयांत मिळतं. ते वड्यांच्या शेजारी, त्याच फळीवर ठेवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको. कपाटाच्या कोपऱ्यात आणि खोलीच्या मध्यात दहा-दहा टक्क्यांचा फरक पडतो.

आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असेल तर साबण मुरतो. ६० ते ७५ मध्ये संथपणे मुरतो. ७५ च्या वर ग्लिसरिन जिंकतं. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र ८५ च्या आसपास घुटमळतं, त्यामुळे उघड्या फळीवर साबण कोरडा होईल ही आशा त्या दोन महिन्यांत सोडून द्यावी.

पंख्याबद्दल मोठा गैरसमज आहे. पंखा ओल काढून घेत नाही, फक्त हवा बदलत राहतो. साबण नवा आणि पाण्यानं भरलेला असेल तर पहिला आठवडा पंख्याचा खूप उपयोग होतो, कारण दमट हवाही त्याच्यापेक्षा कोरडीच असते. पण मुरलेल्या, कोरड्या वड्यांवर पावसाळी हवेत पंखा सोडणं म्हणजे त्यांना दर मिनिटाला नवी ओल पुरवणं. झड लागली असताना खिडकी उघडून पंखा लावणं तर सर्वांत वाईट.

बाकी जागेचे नियम थोडक्यात. स्वयंपाकघर नको, न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको, पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत नको. वड्यांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा. खाली प्लास्टिकची जाळी किंवा बांबूची चटई चालते. वर्तमानपत्र ओल धरतं आणि शाई सोडतं. लोखंडी जाळी गंजते आणि तिच्या स्पर्शानं तेल लवकर खवट होतं, ते नारिंगी ठिपके पुष्कळदा जाळीच्या रेघांवरच उमटतात. वड्या आठवड्यातून एकदा उलटा.

फ्रिजमध्ये ठेवू नका. थंड वडी बाहेर काढताच तिच्यावर दव जमतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं तसंच.

चौथी तपासणी: कधी गुंडाळायचं, कशात ठेवायचं

इथे दोन प्रकारचे साबण वेगळे करावे लागतात, कारण एकाचा नियम दुसऱ्याला मारक आहे.

बाजारचा ग्लिसरिन बेस वितळवून साच्यात ओतलेला साबण मुरवायचा नसतो. त्यात मुद्दाम जास्तीचं ग्लिसरिन घातलेलं असतं, उघडा ठेवला तर पावसाळ्यात त्याच दिवशी घाम सुटतो. साच्यातून काढल्यावर पूर्ण गार झाला की लगेच प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये ताणून, मध्ये हवा न ठेवता गुंडाळा. कोमट असताना गुंडाळलात तर आतली वाफच थेंब होऊन बसेल. आधीच थेंब आले असतील तर सुती फडक्यानं टिपा, कोरड्या हवेच्या खोलीत तासभर ठेवा, मग गुंडाळा. दमट प्रदेशांसाठी कमी घाम सुटणारा बेसही मिळतो, पावसाळ्यात तोच घ्यावा. आणि या बेसमध्ये कोरफडीचा ताजा गर, काकडीचा रस, दही, दूध घालू नका. वडी मऊ पडतेच, शिवाय आत बुरशी धरते. गुलाबपाणी घालायचंच तर अर्ध्या किलो बेसला एक लहान चमचा, त्यापुढे नाही.

सोडा आणि तेलापासून केलेला साबण याच्या उलट. तो ओला असताना प्लास्टिकमध्ये बंद केला तर पाणी आतच कोंडतं. वजन स्थिर होईपर्यंत उघडा ठेवायचा, आणि बाहेरची हवा ७५ टक्क्यांच्या वर असेल तर हे ‘उघडा’ म्हणजे कोरड्या डब्यात उघडा.

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा मोठा डबा घ्या. तळाला सिलिका जेल पसरा, त्यावर जाळी, जाळीवर वड्या. जेल किती? मध्यम आर्द्रतेला सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी धरतं. बारा वड्यांतून प्रत्येकी पाच ग्रॅम काढायचं म्हणजे ६० ग्रॅम पाणी, त्याला ३०० ग्रॅम जेल. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या दोन-दोन ग्रॅमच्या पुड्या जमवून हे काम होत नाही. रंग बदलणारे नारिंगी मणी घ्या. निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे, घरात नको. नारिंगी मण्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास भाजून परत वापरा. त्यासाठी ट्रे वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा वापरू नका.

कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. ते सिलिकापेक्षा जास्त पाणी ओढतं, पण खाली खारट पाणी साचतं. ते वडीवर सांडलं तर वडी गेली, लोखंडाला लागलं तर गंज. कपाटाच्या तळाशी ठेवा, साबणाच्या डब्यात नको. तांदळाची पुरचुंडी मिठाच्या बरणीत ठीक, साबणापुढे तिचं काही चालत नाही.

वापरात असलेल्या वडीचं दुखणं साबणदाणीचं असतं. खाली भोकं नसलेली, पाणी साचणारी दाणी कितीही सुंदर असली तरी काढून टाका. काथ्याचा तुकडा किंवा लाकडी पट्ट्यांची दाणी, शॉवरच्या धारेपासून लांब. वडी अर्धी कापून अर्धीच बाहेर काढा. दोन तुकडे आलटून-पालटून वापरले तर प्रत्येकाला वाळायला दिवस मिळतो.

पाचवी तपासणी: पाकृती

इथपर्यंत सगळं नीट असेल आणि वजन उतरत असूनही वडी मऊ राहत असेल, तरच वहीकडे वळा.

*पाणी.* पुष्कळ पाकृतींत तेलाच्या ३८ टक्के पाणी लिहिलेलं असतं. उदाहरण घेऊ: खोबरेल ३५० ग्रॅम, पाम तेल ३००, ऑलिव्ह ३००, एरंडेल ५०. पाच टक्के सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम मोकळं ठेवलेलं तेल) धरून सोडा १४५ ग्रॅम. ३८ टक्क्यांच्या हिशेबानं पाणी ३८० ग्रॅम होतं, सोड्याच्या दुप्पट घेतलं तर २९०. म्हणजे ९० ग्रॅम पाणी साबणात गेलंच नाही, ते वाळवायचीही गरज उरली नाही. पावसाळ्यात दुप्पट हेच माप ठेवा. हात बसलेला असेल तर १.८ पटीपर्यंत उतरता येतं, पण मग मिश्रण लवकर घट्ट होतं, आणि लवंग-दालचिनीची तेलं त्याला आणखी घाई करतात. आकडे लिहिले तसे उचलू नका, आपल्या तेलांवरून सोडा मोजून देणाऱ्या साबणाच्या कॅल्क्युलेटरवर पुन्हा काढा.

*तेलं.* एरंडेल पाच टक्क्यांपर्यंत फेसाला मदत करतं, दहाच्या वर गेलं की वडी चिकट होते. सूर्यफूल, सोयाबीन, करडई यांचा भाग मोठा असेल तर वडी मऊही राहते आणि खवटही लवकर होते. टणकपणासाठी आपल्याकडचं उत्तम उत्तर म्हणजे कोकम तेल, टाचांच्या भेगांना लावायचं भिरंडेल. त्यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असतं, म्हणून ते पावसाळी हवेतही घट्ट गोळ्यासारखं राहतं. एकूण तेलाच्या दहा ते पंधरा टक्के घाला, तेवढंच ऑलिव्ह कमी करा, सोडा पुन्हा मोजा. बाहेरच्या महागड्या बटरपेक्षा मी नेहमी हेच सुचवतो. नुसतं खोबरेल वाढवूनही वडी टणक होते, पण ती पाण्यात भराभर झिजते आणि त्वचा ओढली जाते.

*साखर, मध, मीठ.* मध किंवा साखर अर्ध्या किलो तेलाला एका लहान चमच्यापुढे नको, दोन्ही ओल धरतात. मीठ चिमूटभर टणकपणा देतं. पण मिठानं भरलेले सॉल्ट बार कोकणच्या पावसाळ्यात करूच नका. शुद्ध मीठसुद्धा ७५ टक्के आर्द्रतेपुढे पाणी ओढून विरघळू लागतं, आणि समुद्री मिठातलं मॅग्नेशियम त्याच्याही आधी. सोडियम लॅक्टेटनं साचा लवकर सुटतो, मात्र तेही ओल धरणारं आहे, तेलाच्या एक टक्क्यावर थांबा.

सहावी तपासणी: सोड्याचा डबा

वडी तेलकट असेल तर इथेच उत्तर मिळतं. कॉस्टिक सोडा स्वतः हवेतलं पाणी साबणापेक्षा कितीतरी जोरात ओढतो. उघड्या पिशवीतला सोडा पावसाळ्यात गोळे धरतो, ओलसर चमकतो. काट्यावर तुम्ही १४५ ग्रॅम मोजता, त्यातले दहा टक्के पाणी असेल तर सोडा भरला फक्त १३०. वरच्या पाकृतीत सगळ्या तेलाला १५३ लागतात. म्हणजे पाच टक्के ठरवलेलं सुपरफॅट प्रत्यक्षात पंधरावर गेलं. एवढं मोकळं तेल राहिलं की वडी मऊ, तेलकट आणि दोन महिन्यांत ठिपकेदार होणार, जागा कितीही कोरडी असो.

पापुद्रे सुटे, कोरडे आणि डब्यात खुळखुळणारे असावेत. गोळा झालेला सोडा साबणासाठी बाद. हवाबंद एचडीपीई (जाड, टणक प्लास्टिकच्या) बरणीत लहान भाग करून ठेवा, काच आणि ॲल्युमिनियम नको. मोजताना बरणी उघडी टाकून फोनवर बोलत बसू नका. तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर साबणात घालू नका, त्यात ॲल्युमिनियमचे कण असू शकतात.

सातवी तपासणी: खोली कोरडी करणं, घाणा दुरुस्त करणं

एकावेळी पन्नासच्या वर वड्या मुरवत असाल तर डबे पुरत नाहीत. लहान, बंद खोलीत ओल काढणारं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, लावा आणि आर्द्रता ५० ते ५५ वर ठेवा. त्याच्या टाकीत रोज साचणारं पाणी पाहिलं की वड्यांनी काय सोसलं ते कळतं. एसी चालू असेपर्यंत उपयोगी आहे, पण रात्रभर चालवून सकाळी बंद केला आणि दार उघडलं तर गार वड्यांवर बाहेरची दमट हवा दव धरते. चालवायचा तर सलग, नाहीतर वड्या आधी डब्यात बंद करा.

मऊ घाणा किसून मंद आचेवर पुन्हा शिजवता येतो. मात्र त्यात पाणी कमीत कमी घाला, शंभर ग्रॅम किसाला दोन-तीन चमचे दुधापेक्षा जास्त द्रव नको, नाहीतर पहिल्यापेक्षा मऊ वडी हातात येईल. मिठाच्या पाण्यात उकळून साबण वर तरंगवायचा आणि ग्लिसरिन खाली सोडून द्यायचं, ही कारखान्यांची जुनी पद्धत घरीही जमते. वडी खणखणीत टणक होते. पण ज्या ग्लिसरिनसाठी घरचा साबण करायचा तेच त्यात जातं, म्हणून अंघोळीच्या साबणाला ती करू नये असं माझं मत आहे. कपड्यांच्या वड्यांना खुशाल करा.

सगळ्यात स्वस्त उपाय पंचांगात आहे. अंघोळीच्या साबणाचे मोठे घाणे एप्रिलच्या मध्यापर्यंत आटपा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस धरेपर्यंत वड्यांना आठ आठवडे मिळतात. मग वजन स्थिर झालेल्या वड्या कागदात गुंडाळून सिलिकाच्या डब्यात बंद.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

तीन आठवड्यांनंतरही जिभेला झटका बसत असेल तर ती वडी वापरू नका, भेटही देऊ नका. एकदा किसून शिजवून बघा. तरीही झटका राहिला तर घाणा टाकून द्या. किती सोडा शिल्लक आहे हे आकड्यात हवं असेल तर रासायनिक प्रयोगशाळेत ‘मुक्त अल्कली’ची तपासणी करून घ्या, अंदाजानं लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ओतू नका.

बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर वरचा भाग कापून उरलेला वापरायचा मोह टाळा.

यंत्र चोवीस तास चालूनही आर्द्रता ७० खाली येत नसेल तर साबण बाजूला ठेवा. भिंतीत पाणी मुरतंय किंवा पाइप गळतोय. ते काम प्लंबरचं किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याचं आहे.

विकायला साबण करत असाल तर कॉस्मेटिक्स नियम, २०२० खाली उत्पादनाचा परवाना लागतो, महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यायचा. घाम सुटलेला घाणा पुसून, गुंडाळून ग्राहकाला पाठवण्याआधी जाणकार रसायनतज्ज्ञाचा सल्ला घ्या.

सोड्याचं पाणी अंगावर उडालं तर भिजलेले कपडे काढा आणि त्या जागेवर किमान वीस मिनिटं वाहतं पाणी सोडा, व्हिनेगर लावू नका. फोड आले किंवा कातडी पांढरी पडली तर डॉक्टरकडे जा. डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून लगेच नळाच्या मंद धारेखाली अर्धा तास धुवा, मध्ये थांबू नका, तोपर्यंत घरातल्या दुसऱ्या कोणीतरी रिक्षा बोलवावी, आणि दुखायचं थांबलं तरी त्याच वेळी डोळ्यांच्या दवाखान्यात जा. कॉस्टिक सोडा डोळ्यात खोलवर उतरत जातो आणि सुरुवातीला तेवढं जाणवत नाही.